नियंत्रण कक्षा

एका वरिष्ठाच्या थेट हाताखाली किती माणसे असावीत, ती संख्या म्हणजे त्याची नियंत्रण कक्षा. यातला ‘थेट’ हा शब्द सोडून चालत नाही. कारखान्यात सहाशे कामगार असले, तरी प्रमुखाकडे कामाचा हिशेब घेऊन येणारे विभागप्रमुख सहाच असतील, तर त्याची कक्षा सहाची. तिला नियंत्रणाचा आवाका असेही म्हणतात. व्यवहारात हा शब्द जास्त नेमका, कारण प्रश्न माणसाच्या आवाक्याचाच असतो.

कक्षा रुंदावली की संघटनेतल्या पातळ्या कमी होतात, आखडली की वाढतात. समजा, प्रत्यक्ष काम करणारे ६२५ जण आहेत. दर पाच जणांमागे एक वरिष्ठ ठेवला, तर १२५ पर्यवेक्षक लागतात, त्यांच्यावर २५, त्यांच्यावर ५ आणि शेवटी १, म्हणजे चार पातळ्यांत १५६ अधिकारी. कक्षा २५ ची केली तर २५ पर्यवेक्षक आणि १ प्रमुख, एवढ्या २६ जणांत भागते. पगाराचा खर्च कमी करायला बसलेल्यांची नजर पहिल्यांदा या फरकावर जाते. मात्र ते १३० जण काय काम करत होते आणि ते आता कोण करणार, याचे उत्तर या गणितात नसते.

आदर्श आकडा शोधण्याची खटपट जुनी आहे. ब्रिटिश सेनानी सर इयान हॅमिल्टन यांनी १९२१ मध्ये तीन ते सहा ही मर्यादा सांगितली: वरच्या टोकाला तीनच्या जवळ, खालच्या टोकाला सहाच्या जवळ. ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ लिंडॉल अर्विक यांनी पाच, फार तर सहा असे म्हटले. पण ज्यांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत अशांपुरतेच. ही अट पुढे गळाली आणि नुसता आकडा पाठ झाला.

व्यवस्थापन सल्लागार व्ही. ए. ग्रेक्युनस यांनी १९३३ मध्ये माणसांऐवजी नाती मोजली. वरिष्ठाचे प्रत्येकाशी असलेले थेट नाते, हाताखालच्यांचे आपापसांतले नाते आणि वरिष्ठाचे त्यांच्या गटांशी असलेले नाते असे तीन प्रकार त्यांनी धरले. चार जण असतील तर ही नाती अनुक्रमे ४, १२ आणि २८, मिळून ४४ होतात. पाचवा माणूस आला की १००, सहावा आला की २२२ आणि आठ जणांवर १०८०. एक माणूस वाढला की काम ‘एका माणसाने’ वाढत नाही, एवढे यातून पक्के कळते. मात्र हे सूत्र शक्य असलेली सगळी नाती मोजते. त्यांतली किती रोज वापरात येतात, हे ते पाहत नाही. म्हणून त्यावरून कोणाची कक्षा ठरवायला जाऊ नये.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जोन वुडवर्ड यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण एसेक्स भागातील सुमारे शंभर उत्पादन संस्था पाहिल्या, तेव्हा कक्षा उत्पादनाच्या पद्धतीप्रमाणे बदलते असे दिसले. मोठ्या प्रमाणावर एकसारखा माल काढणाऱ्या कारखान्यांत पहिल्या फळीच्या पर्यवेक्षकाकडे चाळीसहून अधिक माणसे असत. तेलशुद्धीकरणासारख्या अखंड प्रक्रियेच्या उद्योगांत त्याहून कितीतरी कमी.

कक्षा ठरवायची तर वरिष्ठाच्या तासांपासून सुरुवात करावी. आठवड्याचे ४० तास धरू. त्यातले त्याचे स्वतःचे काम १६ तास, वरच्यांच्या बैठका ६ तास, उरले १८. एका माणसाचे काम नेमून देणे, तपासणे, अडचण सोडवणे यात दोन तास जात असतील, तर नऊ जण झेपतात. कामे ठरावीक साच्याची, माणसे जुनी आणि एकाच मजल्यावर बसणारी असली, तर माणशी एक तासही पुरतो. नवखा माणूस मात्र पहिले काही महिने दोघांइतका वेळ खातो. तो आल्यावर संघटनेच्या तक्त्यात कक्षा एकाने वाढलेली दिसते, दिवसात ती दोनाने वाढलेली असते.

रुंदावलेली कक्षा वरिष्ठाला लगेच जाचतेच असे नाही. तो गर्दीला ‘आपल्यावाचून अडते’ असे समजतो. दाराशी सहीसाठी थांबलेली माणसे, ‘साहेब मोकळे झाले की विचारतो’ म्हणून बाजूला ठेवलेले काम, वार्षिक मूल्यमापनात पंधरा जणांना लिहिलेला एकच शेरा, या तिच्या खुणा. वरिष्ठ सापडत नाही तेव्हा माणसे शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारतात आणि अधिकार नसलेला तो माणूस खरा पर्यवेक्षक होऊन बसतो.

आखडलेल्या कक्षेचा त्रास वेगळा. दोन-तीन माणसांवर नेमलेल्या अधिकाऱ्याला दिवस भरायचा असतो, म्हणून तो त्यांचे काम पुन्हा तपासतो, पत्रातली वाक्ये फिरवतो. साधा रजेचा अर्ज तीन सह्या घेऊन फिरतो. खालची अडचण वर पोचेपर्यंत प्रत्येक पातळीवर थोडी सौम्य होत जाते. कंटाळून वरचा प्रमुखच मधल्याला वगळून थेट खाली सांगू लागला, की आदेशाची एकवाक्यता, म्हणजे एकाला एकाच वरिष्ठाचा हुकूम हा नियम, मोडते. मग एकाच कामाचे दोन हुकूम हातात घेऊन कर्मचारी उभा!

कक्षा वाढवताना आधी अधिकार खाली द्यावे लागतात: किती रकमेपर्यंतचा खर्च, कोणती रजा, कोणता बदल कर्मचाऱ्याने किंवा गटप्रमुखाने न विचारता करायचा, हे लेखी हवे. ते न करता पातळी काढली, तर तिथले सगळे निर्णय वर चढतात आणि तुंबतात.

वरिष्ठाला मदतनीस म्हणून उपप्रमुख देणे हा उपाय सर्रास केला जातो. उपप्रमुखाला कोणती प्रकरणे स्वतः निकालात काढायची याची यादी दिली, तरच वरिष्ठाचे तास सुटतात. नाहीतर कागद आधी त्याच्याकडे थांबतो, मग वरिष्ठाकडे. माणसे दोन्ही दारांशी जातात आणि कक्षा होती तेवढीच राहते.