आत्म्याचं वजन 21 ग्रॅम? खुलासा

इंदूरच्या मराठी घरांत दहाव्या-तेराव्याला माणसं जमली की 'आत्म्याचं वजन 21 ग्रॅम, विज्ञानानं सिद्ध झालंय' हे वाक्य हमखास येतं. ते खरं नाही.

हा आकडा अमेरिकी डॉक्टर डंकन मॅकडूगल यांच्या 1907 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. मरणासन्न रुग्णाची खाट काट्यावर ठेवून प्राण जाताना वजन किती घटतं ते त्यांनी पाहिलं. रुग्ण फक्त सहा. त्यांतल्या दोघांची मापं त्यांनी स्वतःच बाद केली. पाऊण औंस, म्हणजे सुमारे 21 ग्रॅम, एकाच रुग्णाचं घटलं. दोघांचं वजन आधी थोडं आणि काही मिनिटांनी आणखी घटलं, एकाचं घटून परत वाढलं. काट्याला 5-6 ग्रॅमच्या आतला फरक कळत नव्हता आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरवायला खात्रीचं साधन नव्हतं. त्या पहिल्या रुग्णाचं वजन तर मृत्यूआधीही घाम आणि श्वासावाटे तासाला साधारण 28 ग्रॅमनं कमी होत होतं!

15 कुत्र्यांवरच्या प्रयोगात वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही असा अर्थ निघाला. त्याच वर्षी डॉ. ऑगस्टस क्लार्क यांनी आक्षेप घेतला: फुप्फुसं थांबली की रक्त थंड होत नाही, अंग तापतं, घाम सुटतो आणि त्यानं वजन घटतं; कुत्र्यांना अंगभर घाम येतच नाही, म्हणून त्यांचं घटलं नाही.

आणि आपल्या परंपरेनं हा काटा कधी मागितला होता? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला अव्यक्त, अचिंत्य म्हटलंय. शोकाकुल घरात धीर द्यायचा तर तो श्लोक म्हणावा, 21 ग्रॅम नव्हे.