उणे दिसतं, पण उणे नसतं

लडाखमधल्या अतिथंड द्रासच्या महिनावार तापमानाचा तक्ता एखाद्या संकेतस्थळावरून उचलून एक्सेलमध्ये चिकटवा आणि वर्षाची सरासरी काढा. कधी कधी द्रास अचानक उबदार होतं! हिवाळ्यातले उणे आकडे डोळ्यांना दिसत असतात, पण बेरजेत धरलेच जात नाहीत. नीट पाहिलं तर हे आकडे रकान्यात डावीकडे चिकटलेले असतात. एक्सेल आपणहून संख्या उजवीकडे लावतं आणि मजकूर डावीकडे. म्हणजे त्याच्या लेखी तो नुसता मजकूर आहे.

गोची आहे ती त्या आडव्या रेघेत. चिन्हाचा आकार संगणकाच्या कामाचा नाही. त्याला लागतो क्रमांक. कीबोर्डवर शून्याशेजारच्या कळीने उमटणाऱ्या रेघेचा क्रमांक ४५. गणितातल्या उणे चिन्हाचा ८७२२. संकेतस्थळावर ८७२२ असतं आणि एक्सेल वाट पाहत असतं ४५ची.

टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्याच असायच्या. शब्द जोडायला, वजाबाकीला आणि वेळ पडली तर वाक्य तोडायलाही एकच रेघ वापरायची, असा काटकसरीचा कारभार होता. १९६३ साली संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणारा आस्की हा संकेत ठरला तेव्हा एकूण जागा १२८, त्यातल्याही बऱ्याच यंत्राला हुकूम द्यायला राखीव. तिथेही ही काटकसर कायम राहिली. गुणाकाराच्या फुलीला तर जागाच मिळाली नाही, म्हणून प्रोग्रामर आजही ताऱ्याचं चिन्ह (*) टाकून गुणतात.

१९९१ साली जगभरच्या लिप्यांमधल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तोवर जगभरच्या फायली ४५ने भरलेल्या होत्या. ती रेघ हलवणं शक्यच नव्हतं. मग तिला ‘हायफन-मायनस’ असं जोडनाव देऊन जागेवरच ठेवलं आणि निव्वळ संयोगचिन्हाला ८२०८, निव्वळ उणे चिन्हाला ८७२२ असे वेगळे क्रमांक दिले.

फरक डोळ्यांनाही कळतो. - ही रेघ आखूड आणि जरा खाली असते. − ही बहुतेक फाँटमध्ये अधिक चिन्हाइतकी रुंद आणि त्याच्या आडव्या दांडीच्या उंचीवर असते. छापील गणितात पहिली रेघ दिसली की पान गबाळं वाटतं, निदान मला तरी.

हे खरं उणे टाइप करायचं तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २२१२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबायच्या. २२१२ म्हणजे षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, लिहिलेलं ८७२२. गणिती मजकूर छापायला वापरतात त्या लाटेक या प्रणालीची सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते: आपण कीबोर्डवरची साधी रेघ द्यायची, गणिताच्या मजकुरात ती आपोआप उणे होऊन छापली जाते.

साठवणीतही भेद आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत ४५ला एक बाइट पुरतो, ८७२२ला तीन लागतात. जुन्या विंडोज संकेताने फाइल उघडली, की त्या तीन बाइटांची तीन भलतीच अक्षरं होऊन आकड्याआधी उभी राहतात.

गंमत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. साध्या रेघेसह देवनागरीत ‘-१२’ लिहून त्याची संख्या करायला सांगितलं, तर तो मुकाट करतो; देवनागरी अंक त्याला चालतात. पण त्याच आकड्याआधी गणिताचं अस्सल − ठेवलं, की तो चूक दाखवून थांबतो. तेव्हा छापायच्या मजकुरात ८७२२ वापरा, आणि आकडेमोड करायची असेल तर आधी ‘शोधा आणि बदला’ने सगळ्या रेघा ४५च्या करून घ्या.