वीस टक्क्यांच्या पुढे काय होतं?

दिवाळीत भाची राहायला आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये चेहऱ्याला लावायच्या कोरियन अँपूलची छोटी बाटली होती. वर लिहिलेलं : व्हिटॅमिन सी, २५ टक्के. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली, तर आतला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा. "मावशी, स्ट्राँग आहे ना, म्हणून असा रंग," ती म्हणाली. तो रंग ताकदीचा नव्हताच, ती खराब झाल्याची खूण होती. पण "टक्के जास्त तेवढा गुण जास्त" ही समजूत तिच्या एकटीची नाही, म्हणून हा लेख.

आधी नावाचं बघू. अँपूल म्हणजे मुळात इंजेक्शनच्या औषधाची, वितळवून तोंड बंद केलेली काचेची कुपी. स्तानिस्लास लिमुझँ या फ्रेंच औषधनिर्मात्याने ती १८८६मध्ये काढली. आतल्या औषधाला हवा लागू नये, जंतू शिरू नयेत, हा तिचा सगळा हेतू. कोरियन सौंदर्यप्रसाधनांमध्ये हा शब्द 'सीरमपेक्षाही तीव्र' अशा अर्थाने रुळला आणि कुपीच्या जागी ड्रॉपरची बाटली आली. अँपूल म्हणवून घ्यायला अमुक टक्के हवेत, अशी अट कोरियाच्या कायद्यात नाही. तिथे कायदा पाहतो तो 'फंक्शनल', म्हणजे विशिष्ट गुणाचा दावा करणारी प्रसाधनं. त्यासाठीच्या यादीत त्वचा उजळवण्यासाठीचं नायासिनामाइड २ ते ५ टक्के आहे, तर सुरकुत्यांसाठीचं अडेनोसिन फक्त ०.०४ टक्के! एका घटकाचे ५ टक्के आणि दुसऱ्याचे ०.०४ टक्के, दोन्ही पुरेसे. मग नुसत्या आकड्यावरून 'तीव्र' कशाला म्हणायचं?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं म्हणजे चुना, अशी ही भिंत आहे. हा चुना स्निग्ध असल्यामुळे विद्युतभार असलेल्या कणाला तो जवळजवळ वाटच देत नाही. अशा कणाभोवती पाण्याचे रेणू दाटीने चिकटलेले असतात आणि ते लटांबर घेऊन तेलात शिरता येत नाही.

व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. पाण्यात त्याची दोन रूपं असतात : हायड्रोजन धरून ठेवलेलं भाररहित रूप आणि तो सोडून दिलेलं ऋणभारित रूप. कुठलं किती, हे पीएच, म्हणजे द्रवाच्या आम्लतेचं माप, ठरवतो; आकडा जितका लहान, तितकी आम्लता जास्त. पीएच ४.२ला दोन्ही निम्मी निम्मी. पीएच एकने उतरून ३.२ झाला, की भाररहित रूप दहास एक, म्हणजे सुमारे ९१ टक्के. पीएच एकने चढून ५.२ झाला, की तेच जेमतेम ९ टक्के उरतं. पीएचचं माप लॉगरिदमचं असल्यामुळे एका अंकात हा दहापटींचा खेळ होतो. म्हणजे पीएच ३.२ असलेल्या १० टक्क्यांच्या बाटलीत ९ टक्क्यांहून जास्त व्हिटॅमिन आत शिरण्याजोग्या रूपात आहे आणि पीएच ५.२ असलेल्या २० टक्क्यांच्या बाटलीत २ टक्केसुद्धा नाही!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचाशास्त्रज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये डुकरांच्या त्वचेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पीएच ३.५च्या खाली असेल तरच व्हिटॅमिन नीट आत जातं, हे त्यांत दिसलं. प्रमाण वाढवत नेलं तसं २० टक्क्यांपर्यंत त्वचेतलं व्हिटॅमिन वाढलं आणि त्यापुढे चक्क कमी झालं. भाचीच्या बाटलीवरचे वरचे ५ टक्के म्हणजे चुरचुरण्याची शक्यता तेवढी जास्त.

शिवाय हेच आम्ल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं. आधी पिवळं, मग तपकिरी होतं. मूळच्या कुपीने जी हवा बाहेर ठेवली होती, ती ड्रॉपर उघडताना आपण रोज आत सोडतो. म्हणून काही कोरियन उत्पादनांत पावडर वेगळी येते आणि ती वापर सुरू करताना मिसळायची असते. घेताना लहान, गडद बाटली घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कपाटात किंवा फ्रिजमध्ये ठेवावी आणि रंग गडद झाला की टाकून द्यावी.

"मग घरचं लिंबूच का नको?" हे ताईने विचारलंच. १०० मिलिलिटर लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. बाकी असतं ते भरपूर सायट्रिक आम्ल. लिंबाच्या, विशेषतः सालीतल्या, काही द्रव्यांवर ऊन पडलं तर कातडी भाजून काळे डाग राहू शकतात. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य, ही निव्वळ श्रद्धा आहे आणि तिने मुलींचे चेहरे खराब होतात.

सगळ्याच अँपूलना आत शिरायचं नसतं, हेही खरं. हायालुरॉनिक आम्लाचा रेणू बहुधा इतका मोठा असतो, की तो वरच थांबून पाणी धरतो. त्याचं कामच ते. ते ओलसर चेहऱ्यावर लावून वर क्रीम लावावं. कोरियन बाटल्यांवर 'सेंटेला' म्हणून मिरवणारी वनस्पती म्हणजे आपल्याकडे ओलाव्याला पसरणारा कारिवणा. चिडलेल्या त्वचेसाठी ती वापरतात.

वापरायची रीत सोपी आहे. एका वेळी एकच नवं अँपूल घ्यावं. आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. मग चेहरा धुऊन दोन-तीन थेंब, त्यावर क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन. चेहरा लाल होऊन आग होऊ लागली, तर 'गुण येतोय' म्हणून सोसू नये, लगेच थांबवावं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायची गरज नाही. पिनेल यांच्या प्रयोगात त्वचेत साठलेलं व्हिटॅमिन निम्म्यावर यायला सुमारे ४ दिवस लागले होते.