पार्श्वभूमी : डेव्हिड सॅकेट आणि पुराव्याधारित वैद्यक

‘पुराव्याधारित वैद्यक’ म्हणजे उपचार संशोधनातल्या पुराव्याच्या आधारे ठरवणं. हे नाव मॅकमास्टर विद्यापीठातले डॉक्टर गॉर्डन गयाट यांनी १९९१ साली छापलं. आधी त्यांनी ‘शास्त्रीय वैद्यक’ म्हणून पाहिलं होतं, पण सहकारी दुखावले: म्हणजे आम्ही आजवर करत होतो ते अशास्त्रीय? नाव गयाट यांचं, पण त्यासाठी जमीन नांगरून ठेवली होती डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी, कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या त्याच मॅकमास्टर विद्यापीठात.

सॅकेट मूळचे शिकागोचे. १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात त्यांना सरकारी आरोग्यसेवेत जावं लागलं आणि तिथे साथरोगशास्त्राची, म्हणजे आजार लोकसंख्येत कसे आणि का पसरतात याच्या अभ्यासाची, गोडी लागली. मोठ्या लोकसंख्येसाठीचं हे शास्त्र खाटेवरच्या एका रुग्णासाठी वापरायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. १९६७ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, मॅकमास्टरच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र विभागच त्यांच्या हाती आला.

हॅमिल्टन हे पोलादाचं शहर. रक्तदाब असलेले कारखान्यातले कामगार गोळ्या चुकवत. नीट समजावलं की घेतील, असं कुणालाही वाटेल. सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या १९७५च्या चाचणीत कामगार आपल्या आजाराबद्दल भरपूर शिकले, गोळ्या मात्र चुकवतच राहिले. १९७८ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली: ‘तुम्हाला रक्तदाब आहे’ असं कळल्यावर कामगारांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या. औषधाचे दुष्परिणाम आपण विचारतो. निदानाचेही असतात, हे या कामगारांनी दाखवून दिलं. मला सॅकेट यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढे पक्षाघात टाळण्यासाठी टाळूची रक्तवाहिनी मेंदूच्या रक्तवाहिनीला जोडण्याची शस्त्रक्रिया तपासली गेली. १३७७ रुग्ण, कुणाला शस्त्रक्रिया आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. १९८५ मध्ये निकाल आला: फायदा नाही. कसबी हातांनी, चांगल्या हेतूने केलेली शस्त्रक्रिया, तरीही.

एवढं नाव झाल्यावर, वयाच्या ४९व्या वर्षी, आपण रुग्ण तपासण्यात कमी पडतो असं वाटून सॅकेट पुन्हा रेसिडेन्सीला, म्हणजे तरुण डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, बसले. आपल्याकडच्या एखाद्या विभागप्रमुखाने असं केल्याची कल्पना करून पाहावी.

१९९४ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथे संशोधनाचे निष्कर्ष भरलेला संगणक त्यांनी चाकांच्या गाड्यावर चढवला. खाटेपर्यंत नेण्यासाठी तो फारच अवजड ठरला, पण शंका निघाली की वॉर्डच्या टीमला पुरावा काही सेकंदांत मिळू लागला. पुरावा म्हणजे पुस्तकी हुकूम, या आरोपाला त्यांनी १९९६ मध्ये उत्तर दिलं: उत्तम पुरावा, डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा, तिन्ही हवीत.

२००० साली त्यांनी जाहीर केलं की या विषयावर यापुढे आपण भाषण देणार नाही, लिहिणार नाही, इतरांचे लेखही तपासणार नाही. तज्ज्ञाचा शब्द जड झाला की नव्या कल्पना अडतात, हे कारण. कॅनडात परतून तळ्याकाठच्या घरी ते तरुण संशोधकांना चाचण्या कशा आखाव्यात हे शिकवत राहिले. मे २०१५ मध्ये, ८०व्या वर्षी त्यांचं निधन झालं.