जुनी गोळी अंगातून ‘उतरू’ देऊ नका

शेजारची सून चंदगडच्या माहेराहून परतली आणि गर्भनिरोधक गोळ्यांची दोन पाकिटं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “अक्का, इकडची गोळी संपली, तिकडच्या मेडिकलात दुसरीच मिळाली. जुनी अंगातनं उतरू दे, अजून एक पाळी जाऊ दे, मग नवी चालू करतो.” बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कित्येकींचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. त्यामुळे पाकीट बदलणं नवं नाही. पण ही ‘उतरू देण्याची’ समजूत मी अनेकींकडून ऐकली आहे, आणि नको असताना दिवस जाण्याचा धोका नेमका तिच्यातच आहे.

मुळात उतरायला गोळीत असतं किती? माला-एन या सरकारी गोळीत एथिनिल इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं कृत्रिम रूप, ०.०३ मिलिग्रॅम. महिन्याच्या पाकिटातल्या संप्रेरकाच्या २१ गोळ्यांतलं (उरलेल्या सात लोहाच्या) एकत्र केलं तरी १ मिलिग्रॅम भरत नाही. तेही साठून राहत नाही, दोन-तीन दिवसांत ओसरतं. ते ओसरल्यावर शरीरात जे सुरू होतं ते मला दरवेळी थक्क करतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती एफएसएच हे संप्रेरक सोडते. त्यामुळे अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे अंडं असलेल्या बारीक पिशव्या, वाढतात आणि इस्ट्रोजेन बनवतात. इस्ट्रोजेन वाढलं की पीयूषिका एफएसएच आवरतं घेते. टाकी भरत आली की फ्लोट वर येऊन पाणी बंद होतं, तसंच. गोळीतली संप्रेरकं हा फ्लोट बाहेरून वर धरून ठेवतात. टाकी रिकामीच असते, पण पीयूषिकेला ती भरलेली वाटते.

एकविसाव्या गोळीनंतर ते धरणं सुटतं. काही दिवसांत एफएसएच चढतं आणि थोपलेल्या पुटिका वाढू लागतात. सातव्या दिवसापर्यंत काहीजणींची सर्वांत मोठी पुटिका १० मिलिमीटरच्या आसपास पोचते. अंडं सुटायला तिला साधारण २० मिलिमीटर व्हावं लागतं. आठव्या दिवशी गोळी पोटात गेली तर पुटिका खुंटते आणि जिरते. गोळी आणखी लांबली तर मात्र पुटिका स्वतःच भरपूर इस्ट्रोजेन बनवते आणि मग सगळं उलटतं. एरवी पीयूषिकेला आवरणारं हेच इस्ट्रोजेन, जास्त प्रमाणात दोनेक दिवस टिकलं की, तिच्याकडून अंडं सोडायला लावणाऱ्या एलएच या संप्रेरकाचा लोंढा सोडवतं. अंडं बाहेर पडतं.

म्हणून मधली मोकळीक सात दिवसांच्या वर कधीच जाऊ द्यायची नाही. एकत्रित गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं असलेली) बदलताना सगळ्यांत चांगलं म्हणजे जुन्या पाकिटातली शेवटची संप्रेरकाची गोळी आज घेतली, तर उद्या नव्यातली पहिली. मधल्या लोहाच्या सात गोळ्या सोडून द्यायच्या. त्या महिन्यात रक्तस्राव कदाचित होणार नाही. त्यामुळे ‘आत घाण साठते’ हे साफ खोटं आहे. गोळीमुळे गर्भाशयाचं अस्तर मुळात पातळच राहतं, साठायला काही नसतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने अधूनमधून डाग दिसू शकतात.

पाकिटाची मागची बाजूही वाचा. शेजारच्या सुनेच्या दोन्ही पाकिटांवर लेव्होनॉर्जेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन) ०.१५ आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅमच होतं. नाव वेगळं, गोळी तीच.

‘नव्या पिढीची’ म्हणून महाग गोळी खपवली जाते, तेव्हा सावध राहा. गर्भ रोखण्यात ती वरचढ नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या २०१३च्या आढाव्यानुसार, वर्षभरात १०,००० बायकांमागे रक्ताची गुठळी लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाल्या गोळीने ५ ते ७ जणींना होते, ड्रोस्पिरेनोन या नव्या प्रोजेस्टिनवाल्या गोळीने ९ ते १२ जणींना. गोळी न घेणाऱ्यांत २. डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल किंवा रक्तदाब चढा असेल, तर ब्रँड बदलून भागत नाही. डॉक्टरांकडून दुसरंच साधन घ्यावं लागतं. आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ ही एकत्रित गोळी नाही. तिच्यात ही संप्रेरकं नसतात, तेव्हा वरचा हिशेब तिला लावू नका.

आम्ही दोघींनी कॅलेंडर काढून दिवस मोजले. एकविसावी गोळी घेतल्याला पाचवा दिवस होता. “पण अजून जातंय की,” ती म्हणाली. जाऊ दे, नवी गोळी सुरू करायला रक्तस्राव थांबायची वाट बघायची नसते, असं मी सांगितलं. त्याच रात्री जेवणानंतर तिने नव्या पाकिटातली पहिली गोळी घेतली.