तोंडातली लोखंडी चव आणि ‘साठलेले विष’

केमोथेरपीनंतर तोंडाला लोखंडासारखी चव येते, म्हणजे औषधाचे विष अंगात साठले असून ते उपास किंवा काढे घेऊन बाहेर काढावे लागते, असा एक समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो.

या समजाला वरवर आधार दिसतो, कारण सिस्प्लॅटिन या औषधात प्लॅटिनम हा धातू खरोखरच असतो. परंतु पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्याच दुसऱ्या औषधात धातूचा अंशही नसताना तीच चव येऊ शकते आणि केवळ तोंडाच्या भागाला किरणोपचार घेतलेल्यांचीही चव बदलते. खरे कारण असे, की जिभेवरील चवीच्या पेशी साधारण 10 ते 14 दिवसांत नव्याने तयार होतात आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच ही औषधे आघात करतात. त्यातच लाळ कमी होते, वासाची जाणही बिघडते. नाक दाबून जिरे चावून पाहावे, म्हणजे चवीत वासाचा वाटा किती, हे लगेच कळते.

केमोथेरपी संपल्यावर चव बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते. किरणोपचारानंतर मात्र अधिक काळ लागतो, क्वचित थोडा फरक राहतोही. तोवर स्टीलऐवजी लाकडी चमचा, गार दहीभात आणि जेवणापूर्वी लिटरभर पाण्यात एकेक छोटा चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून केलेल्या चुळा उपयोगी पडतात. तोंड आले नसेल तर लिंबूही चालते. जिभेवर पांढरा थर दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावा. उपासाने मात्र आधीच घटलेले वजन आणखी घटते.