आरतीत न अडखळणारी जीभ

गणपतीत बहिणीकडे आरती चालली होती. माझा सात वर्षांचा भाचा झांजा वाजवत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणत होता. 'सुखकर्ता दुःखहर्ता'पासून 'घालीन लोटांगण'पर्यंत एकदाही अडला नाही. प्रसाद घेताना शेजारच्या आजोबांनी विचारलं, "नाव काय रे बाळा तुझं?" आणि पहिल्याच अक्षराला गाडी थांबली. ओठ घट्ट मिटलेले, मान ताणलेली, पापण्या फडफडताहेत आणि 'प' काही बाहेर पडेना. लगेच एका काकूंनी तोडगा सांगितला: पोपटाचा उष्टा पेरू चारा, वेखंड उगाळून चाटवा, जीभ हलकी होईल.

जीभ हलकीच आहे हो! पाच मिनिटांपूर्वी तिनेच अख्खी आरती म्हटली. दोष जिभेत असता तर ती तिथेही अडली असती. म्हणूनच जिभेखालचा पडदा कापूनही तोतरेपणा जात नाही. वेखंडाचं तर नावही नको. त्यातल्या बीटा-असरोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. 'सात दिवसांत तोतरेपणा गायब' म्हणणारे व्हिडिओही त्याच पेरूच्या जातीचे.

मग आरतीत असं काय घडतं? मला या प्रश्नाने अक्षरशः झपाटलं आहे.

बोलताना आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरं उच्चारतो. त्यासाठी छाती, कंठ, जबडा, जीभ, ओठ असे कितीतरी स्नायू ठरल्या क्षणी हलावे लागतात. काय बोलायचं हे मेंदूला माहीत असतं, तोतरं बोलणाऱ्या मुलालाही. अडतं ते 'आता' म्हणण्यापाशी. पुढचं अक्षर नेमकं कधी सुरू करायचं, ही वेळ आतून द्यायचं काम मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि कपाळामागच्या भागातलं एक केंद्र मिळून करतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये संशोधक सू-उन चँग यांनी ३ ते ९ वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. तोतरं बोलणाऱ्या मुलांमध्ये डाव्या बाजूला नेमकी हीच जोडणी कमकुवत दिसली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण वेळ बाहेरूनही मिळू शकते. चार जण एका सुरात म्हणत असले की ताल कानातून येतो. मग मेंदू बहुधा दुसरी वाट धरतो, लहान मेंदू आणि श्रवणकेंद्राशी जोडलेली, असं अनेक संशोधकांचं मत आहे. आतलं घड्याळ चुकलं तरी बाहेरच्या टोल्यावर काम निभतं. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, एखाद्या रुग्णाचंही असंच होतं. सपाट फरशीवर पाय उचलत नाही, पण जमिनीवर रेघा आखल्या की त्यांच्यावरून तो भराभर चालतो. टेक्सासमध्ये पीटर फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पेट (PET) स्कॅनने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या तपासणीने, पाहिलं, की एकट्याने वाचताना मेंदूच्या उजव्या बाजूची जी जादा धावपळ दिसते, ती दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवून वाचताना बरीच ओसरते.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं, कारण वर्षभर ती स्वतःलाच दोष देत होती. "मी ओरडले म्हणून झालं का गं?" नाही. एके काळी अमेरिकेतही आईबापांच्या टोकण्याने तोतरेपणा लागतो असं मानत. आता त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दिसतं. २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या गटाला पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी संबंधित जनुकीय बदल सापडले. भीतीने अडखळणं वाढतं, पण भीतीतून ते जन्मत नाही.

साधारण शंभरातली पाच मुलं दोन ते पाच या वयात कधी ना कधी अडखळू लागतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात. म्हणून 'होईल मोठा झाल्यावर' हे बऱ्याचदा खरं ठरतं. पण सहा महिने-वर्ष उलटलं, घरात आणखी कुणी तोतरं असलं, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर थांबू नये. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाजवळ वाचा-उपचाराचीही सोय असते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सिडनीत तयार झालेली 'लिडकम' पद्धत तज्ज्ञ आईवडिलांनाच शिकवतात आणि ती घरी रोज थोडा वेळ चालवायची असते.

घरी मात्र "हळू बोल", "श्वास घे" हे थांबवा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला हळू बोलायला लावण्यापेक्षा स्वतः सावकाश बोला, आणि नजर घड्याळाकडे नको, त्याच्याकडे ठेवा.

मागच्या महिन्यात भाच्याला बेकरीत पाव आणायला पाठवलं, तर तो बिस्किटाचा पुडा घेऊन आला. 'पाव' निघेना म्हणून त्याने 'बिस्किट' म्हटलं होतं. बरीच मुलं असे शब्द बदलून वेळ मारून नेतात, पण स्वतःचं नाव किंवा हजेरीतलं 'हजर' कुठे बदलणार? म्हणून हजेरी हा त्याच्या दिवसातला सगळ्यात अवघड क्षण. बहीण वर्गशिक्षिकेशी बोलली. आता बाकावरचे दोघे मिळून एका सुरात "हजर, बाई" म्हणतात. बाई नाव विचारतात तेव्हा मात्र तो एकटाच सांगतो, आणि 'प' यायला कितीही वेळ लागला तरी वर्ग थांबतो.